शूलपाणीची झाडी आणि बुडालेली वाट



राजांच्या वंशावळी लिहिल्या जातात, किल्ल्यांच्या बखरी लिहिल्या जातात. परंतु डोंगरांतल्या पायवाटेचा इतिहास लिहावयास सहसा कोणी बसत नाहीं. पायवाट ही बोलून चालून माणसांच्या टाचांनीं काढलेली रेघ. चार पावसाळे तिच्यावरून कोणी गेलें नाहीं कीं गवत तिला पोटांत घेतें. आज मी जिच्यासंबंधीं बोलणार आहें ती वाट मात्र गवतानें गिळलेली नाहीं. तिच्यावर पाणी आलें आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशीं, नर्मदा वाहते. तिच्या दक्षिण काठानें परिक्रमेचे यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या चालत आले. ती वाट कशी होती, ती एकदां माणसांच्या भयानें आणि एकदां पाण्यामुळें कशी सोडावी लागली, आणि सोडणारांनीं मग काय केलें, एवढाच माझ्या भाषणाचा विषय.

परिक्रमा म्हणजे काय हें आपल्यापैकीं अनेकांना ऐकून ठाऊक असेल. अमरकंटकच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें १०५७ मीटर उंचीवर, नर्मदा उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भडोचच्या खालीं खंबायतच्या आखातास मिळते. तिला उजव्या हातास ठेवून एका काठानें समुद्रापर्यंत जावयाचें आणि दुसऱ्या काठानें परत यावयाचें, अशी ही पायीं प्रदक्षिणा. मध्यें कोठेंहि नदी ओलांडावयाची नाहीं. मुखाशीं तेवढें विमलेश्वराहून नावेंत बसून पैलतीर गांठावयाचें. चातुर्मासांत एका जागीं राहावयाचें. शास्त्रानें सांगितलेली मुदत तीन वर्षें, तीन महिने आणि तेरा दिवस. सामान म्हणाल तर पाठीवर कांबळें, खांद्याला झोळी, हातांत दंड नि कमंडलु, आणि एका कुपींत नर्मदेचें पाणी. शिधा सांठवावयाचा नाहीं. वाटेंत कोणी देईल तें खावयाचें. हल्लीं तरुण मंडळी पाठीवर बोजा बांधून डोंगर पालथे घालतात आणि त्या छंदाचें सर्वत्र कौतुक होतें. आमच्या बैराग्यांनीं हा उद्योग फार पूर्वीं आरंभिला होता. फरक इतकाच, कीं त्यांचा बोजा पुष्कळ हलका असे, आणि पुढें सांगणार आहें त्या मुलखांत तो आणखीहि हलका होई.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. पंढरीच्या वारींत पूर आला, पूल वाहून गेला, तर वारकरी दुसऱ्या रस्त्यानें जातात. वाट बदलली तरी वारी मोडत नाहीं, कारण विठोबा आपल्या विटेवर उभा असतो. कोठूनहि या, तो तेथेंच भेटतो. परिक्रमेस असें ठिकाणच नाहीं. जेथून निघालों तेथेंच परत यावयाचें. मिळवावयाचें असें पुढें कांहीं नाहीं. नदीच्या कडेनें चालणें हेंच व्रत आणि हेंच फळ. म्हणजे येथें वाट हें साधन नव्हे, तीच प्रतिज्ञा आहे. अशा यात्रेंत वाट बदलावी लागली तर व्रताचें काय होतें, हा प्रश्न पंढरीच्या वारकऱ्याला पडत नाहीं. परिक्रमावासीयाला तो पडतो. आणि तो त्याला सर्वांत कठीण रीतीनें पडला आहे तो आपल्या महाराष्ट्राच्या कोपऱ्यांत.

या नदीचें माहात्म्य जुनें आहे. स्कंदपुराणाचें रेवाखंड सबंध तिच्यासाठीं खर्चीं पडलें आहे, आणि मार्कंडेय ऋषींनीं पहिली परिक्रमा केली असें परंपरा सांगते. इंग्रजी अमदानींतला स्लीमन, ज्याचें नांव ठगांच्या बंदोबस्तामुळें आपणांस परिचित आहे, त्यानें १८४४ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकांत एक मौजेची समजूत नोंदली आहे. विक्रम संवत् १९५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १८९५ च्या आसपास, गंगेचें पावित्र्य संपून तें नर्मदेकडे येईल, असें नर्मदातीरचे ब्राह्मण त्या काळीं सांगत असत. तो मुहूर्त येऊन गेला. गंगेचें पावित्र्य कमी झाल्याचें कोणी ऐकलें नाहीं. परंतु आपली नदी सर्वांहून थोर, या काठच्या अभिमानाला त्या भाकितानें बरीच वर्षें खाद्य पुरविलें असावें.

दक्षिण काठानें पश्चिमेकडे येणारा यात्रेकरू बडवाणीजवळच्या राजघाटास पोहोंचला, कीं त्याच्यापुढें झाडी उभी राही. शूलपाणीची झाडी हें तिचें नांव. अंधकासुराला मारल्यावर शंकरांनीं आपला रक्तानें माखलेला शूळ जेथें धुतला तें शूलपाणेश्वराचें स्थान मणिबेलीपाशीं होतें. राजघाटापासून तेथपर्यंतचा दोन्ही काठांवरचा दाट अरण्याचा मुलूख तो ही झाडी. येथें विंध्य आणि सातपुडा दोन बाजूंनीं नदीवर चालून आले आहेत. सपाट काठ असा उरतच नाहीं. एक टेकडी उतरावी, ओहोळ ओलांडावा, कीं दुसरी टेकडी छातीवर यावी. या पट्ट्यांत सुमारें ५४ किलोमीटरपर्यंत नर्मदा महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. आपल्या राज्याला या मोठ्या नदीचा लाभ झाला आहे तो एवढाच, आणि तोहि एकाच काठाचा.

काठावर भिल्लांचीं आणि पावरांचीं गांवें होतीं: भादल, डोमखेडी, निमगव्हाण, चिमलखेडी, धनखेडी, मणिबेली. गांव म्हणजे आपल्या कल्पनेंतली वेस आणि गल्ली नव्हे. एकेक घर एकेका टेकाडावर, भोंवतीं त्याचें शेत, दोन घरांमध्यें हांक ऐकूं जाईल एवढें अंतर. पावरे आपलें मूळ पावागडाकडचें सांगतात. पाठीमागें दक्षिणेला अक्राणीचें पठार, तोरणमाळ आणि सुमारें १३२५ मीटर उंचीचा अस्तंभा. या अस्तंभ्यावर धनत्रयोदशीच्या सुमारास आजहि हजारों माणसें रात्रीच्या अंधारांत चढून जातात, कारण तेथें अश्वत्थाम्याचें वास्तव्य आहे अशी श्रद्धा आहे. कपाळाच्या जखमेसाठीं तो तेल मागत हिंडतो असें आमच्या आज्या सांगत. तो हिंडतो तें रान हेंच, अशी या भागाची समजूत आहे. परिक्रमावासीहि झाडींत कोणी उंच, अनोळखी पुरुष दिसला कीं मनांत अश्वत्थाम्याचें नांव घेत.

परंतु यात्रेकरूंना झाडींत जो पुरुष खात्रीनें भेटे तो अश्वत्थामा नसे. तो हातांत धनुष्य घेतलेला भिल्ल असे. नर्मदा ही आई, तेव्हां तिच्या काठचे हे तिचे भाऊ. म्हणून यात्रेकरू त्यांना "मामा" म्हणत. मामा पुढें येई, आणि कांबळें, भांडें, धोतर, पीठ, असेल तें काढून घेई. लंगोटी आणि कुपी एवढेंच राही. कुपीला बहुधा कोणी हात लावीत नसे. एका मामानें लुटलें म्हणजे दुसऱ्याला कांहीं उरत नसे, आणि तेथून पुढें यात्रेकरू निर्धास्त. लुटून घेणें हा परिक्रमेचाच एक संस्कार आहे, आई येथें लेकराचा उरलासुरला अहंकार काढून घेते, असा अर्थ पुढें पुढें साधूंनीं लावला. अर्थ सुंदर आहे. पण ज्याच्या अंगावरचें कांबळें पौषाच्या थंडींत गेलें त्याला तो त्याच रात्रीं सुचला असेल असें मला वाटत नाहीं.

या लुटीच्या कथा आमच्या वाङ्मयांत फार रंगवून सांगितल्या गेल्या, आणि त्यांत एका गोष्टीचा विसर पडला. हा मुलूख एकाएकीं लुटारू झाला नाहीं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां डोंगर धुमसत होते. १८२५ मध्यें औट्रम यानें भिल्लांचीच पलटण उभारली, धरणगांवास तिचें ठाणें केलें आणि डोंगरावर जरब बसविली. अक्कलकुवें-तळोद्याच्या वरच्या भागांत काठी, चिखली, नाला, सिंगपूर, नवलपूर आणि गव्हाळी या सहा मेवासी जहागिऱ्या राहूं दिल्या. पुढें १८७८ च्या कायद्यानें रानें सरकारी राखीव होऊं लागलीं. ज्या उतारावर बापजाद्यांनीं झाडें जाळून नागली पेरली तेथें पेरणें गुन्हा ठरलें. छपन्नाचा दुष्काळ तर गुजराथ-खानदेशच्या डोंगरी लोकांवर काळासारखा आला. ज्याच्या घरांत दाणा नाहीं त्याच्या दारावरून पिठाची झोळी घेतलेला माणूस जातो, तेव्हां काय घडेल हें सांगावयास इतिहासकार नको. आणि दुसरी बाजूहि खरी आहे. ज्या यात्रेकरूंनीं आपली हकीकत लिहिली किंवा सांगितली, त्यांतील पुष्कळांनीं हेंहि सांगितलें आहे, कीं एका टेकडीवर लुबाडलें गेल्यावर पुढल्या टेकडीवरल्या झोंपडीनें मक्याची भाकरी दिली, रात्रीं शेकोटीपाशीं जागा दिली आणि सकाळीं वाट दाखवावयास मुलगा दिला. लुटणारा आणि भाकर देणारा कित्येकदां एकाच गांवचा असे.

असो. भय खरें होतें, आणि म्हणून झाडीला वळसा घालण्याची पद्धत पडली. वाट बदलण्याचा हा पहिला प्रसंग. बडवाणीकडून दक्षिणेस वळावयाचें, पानसेमल, खेतियावरून सातपुडा उतरून शहाद्याच्या सपाटीस यावयाचें. तेथून प्रकाशें, तळोदें, अक्कलकुवें, खापर. मग सागबारा-डेडियापाड्याच्या बाजूनें पुन्हां डोंगर चढून शूलपाणेश्वराच्या पलीकडे नर्मदा गांठावयाची. यांतलें प्रकाशें हें ठिकाण विशेष आहे. गोमाई आणि तापी यांच्या संगमावरचें हें गांव दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध. म्हणजे काय झालें पाहा: नर्मदेचा काठ क्षणभरहि सोडावयाचा नाहीं म्हणून जो घरून निघाला, तो सबंध सातपुडा ओलांडून तापीच्या घाटावर येऊन स्नान करूं लागला!

यावर शास्त्रीमंडळींनीं तोड काढलीच असती. पण यात्रेकरूंनीं ती त्यांच्याआधीं काढली होती, आणि ती कुपींत होती. कुपींतल्या पाण्याची रोज पूजा व्हावयाची. नदी भेटेल तेथें थोडें जुनें पाणी तिला परत द्यावयाचें आणि नवें भरून घ्यावयाचें. झाडीबाहेरच्या मार्गावर दिवसेंदिवस नदी दिसत नसे. तेवढे दिवस हातांतली कुपी हीच नदी. ती उजवीकडे आहे, मध्यें कितीहि डोंगर असले तरी उजवीकडेच आहे, एवढें ज्ञान पुरेसें मानीत. कडवे लोक मात्र हें मानीत नसत. ते झाडींतूनच जात, लुटले जात, आणि आमची परिक्रमा खरी असें बाहेरून आलेल्यांना ऐकवीत. तीर्थांतहि मानापमान सुटत नाहीं.

मुद्दा असा, कीं या वळशांत माणसाची निवड होती. बडवाणीच्या घाटावर बसून तो विचार करूं शके: काठानें जाऊं, कीं बाहेरून? भीति वाटली तर बाहेरून, धीर असला तर आंतून. ज्याला आज धीर नव्हता त्याला पुढल्या परिक्रमेंत तो येईल, आणि वाट तेथेंच असेल, ही खात्री होती.

ती खात्री विसाव्या शतकाच्या शेवटीं संपली. ५ एप्रिल १९६१ रोजीं पंडित नेहरूंनीं केवडियाजवळ नर्मदेवरील धरणाची कोनशिला बसविली. पाण्याच्या वांटणीवरून राज्यांत तंटा लागला. १९६९ मध्यें लवाद नेमला गेला, आणि त्याचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्यें प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या वांट्यास विजेचे शेंकडा २७ भाग आले. आणि पाण्याखालीं जाण्यास ३३ गांवें आलीं: अक्कलकुवें तालुक्यांतील ९ आणि अक्राणी तालुक्यांतील २४. लवादानें एक गोष्ट चांगली केली. ज्याची जमीन बुडेल त्याला जमीनच मिळावी, आणि ती दोन हेक्टरांहून कमी नसावी, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. परंतु डोंगरांतल्या पुष्कळ माणसांच्या नांवावर जमीन कधीं लागलीच नव्हती. राखीव रानांत पेरणारा तो अतिक्रमण करणारा. सात पिढ्या पेरलें तरी कागदावर त्याचें शेत नाहीं. १८७८ च्या कायद्याची सावली अशी शंभर वर्षांनीं पुन्हां त्याच उतारावर पडली.

पुढची हकीकत आपणांपैकीं वडील मंडळींनीं वर्तमानपत्रांतून वाचली आहे, म्हणून ती मी थोडक्यांत सांगतों. १९८५ सालीं जागतिक बँकेनें या कामाला ४५ कोटी डॉलरांचें कर्ज देऊं केलें. मेधाताई पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलन यांनीं मणिबेलीस सत्याग्रहाचें ठाणें केलें. जून १९९२ मध्यें बँकेनेंच नेमलेल्या मोर्स समितीनें प्रतिकूल अहवाल दिला, आणि मार्च १९९३ मध्यें उरलेलें कर्ज नको असें भारत सरकारनें कळविलें. त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत मणिबेलीच्या खालच्या अंगाचीं घरें पाण्यांत गेलीं. १८ ऑक्टोबर २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें धरण पुढें बांधण्यास अनुमति दिली. २००६ अखेर भिंत १२१.९२ मीटरांवर पोहोंचली, जून २०१७ मध्यें वरचे दरवाजे बंद करण्यास परवानगी मिळाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्यें पाणी प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीस टेकलें. भरलेल्या जलाशयाची लांबी २१४ किलोमीटर आहे. हें पाणी गुजराथच्या आणि राजस्थानच्या तहानलेल्या भागांत गेलें हेंहि येथें सांगितलें पाहिजे, नाहींतर हकीकत एकांगी होईल.

शूलपाणेश्वराचें देऊळ पाण्याखालीं गेलें. देव हलविला, धरणाच्या खालच्या बाजूस गोरा येथें त्याचें नवें देऊळ झालें. पलीकडच्या टोंकाला, झाडीच्या दाराशीं, राजघाटावर गांधीजींच्या अस्थींचें स्मारक होतें. तेंहि २०१७ मध्यें उचलून वरच्या जागीं न्यावें लागलें. आणि या दोहोंच्या मध्यें काठाची वाट बुडाली. अमृतलाल वेगड हे जबलपूरचे चित्रकार १९७७ पासून तुकड्यातुकड्यांनीं परिक्रमा करीत होते. धरणांनीं बदलण्यापूर्वींचा काठ पाहून लिहिणाऱ्या शेवटच्या पिढीचे ते एक. जगन्नाथ कुंटे आणि भारती ठाकूर यांचीं पुस्तकें वाचून पुढें जे अनेक मराठी स्त्रीपुरुष निघाले, त्यांना तो काठ पुस्तकांतच पाहावा लागला.

येथें एक बारीक शास्त्रार्थ निघतो, आणि मला तो फार आवडतो. परिक्रमेंत नर्मदा ओलांडावयाची नाहीं, पण तिला मिळणाऱ्या नद्या ओलांडाव्याच लागतात. अक्राणींतून उतरणारी उदई ही अशी एक नदी. पूर्वीं तिच्या मुखाशीं गुडघाभर पाण्यांतून यात्रेकरू पलीकडे जात. आतां जलाशयाचें पाणी तिच्या खोऱ्यांत दूरवर आंत शिरलें आहे. तेथें जें साचलें आहे तें पाणी कोणाचें? उदईचें, कीं नर्मदेचें? नर्मदेचें म्हणावें, तर होडींत बसून तें ओलांडलें कीं व्रत भंगलें. उदईचें म्हणावें, तर नर्मदा डोळ्यांदेखत त्यांत आलेली आहे. पुराणांत याचें उत्तर नाहीं, कारण पुराणकाराला असें धरण ठाऊक नव्हतें. काटेकोर माणसें यावर एकच उपाय जाणतात: पाण्याची फणी जेथपर्यंत गेली असेल तेथपर्यंत तिच्या कडेनें वर चढावयाचें, आणि नितळ वाहती नदी लागली कीं मग ती ओलांडून पलीकडच्या कडेनें खालीं यावयाचें. पण अशी एकच नदी नाहीं. प्रत्येक ओढ्याच्या मुखांतून पाण्याचें एकेक बोट डोंगरांत शिरलेलें. पूर्वींच्या एका मैलाला कित्येकदां सारा दिवस पुरेनासा झाला. व्रत न मोडतां काठ सोडावा लागतो तो असा.

म्हणून आतां दुसरी एक मधली वाट रूढ झाली आहे. ही जुनी बाहेरची नव्हे आणि काठचीहि नव्हे. बडवाणीहून पाटीच्या बाजूनें सातपुड्यांत शिरावयाचें, बिलगांव, धडगांव, काठी, मोलगी असें डोंगरांच्या पाठीवरून चालत जाऊन गुजराथेंत उतरावयाचें आणि गोरा गांठावयाचें. धडगांव हें अक्राणी तालुक्याचें ठाणें. काठी म्हणजे मघां सांगितलेल्या मेवासी जहागिऱ्यांतली पहिली, जिची राजवाडी होळी आजहि मोठ्या थाटानें पेटते. या वाटेवर नदी क्वचित् एखाद्या खिंडींतून, खालीं दूर, रुंद निळ्या पट्ट्यासारखी दिसते. चढ-उतार भयंकर आहेत. पाय गोळे येऊन थांबतात, ठरविलेला मुक्काम हातीं लागत नाहीं, आणि यात्रेकरू नाइलाजानें मध्येंच कोणाच्या तरी ओट्यावर पथारी टाकतो. गंमत अशी, कीं मामा आतां लुटीत नाहीं. ज्या झाडीच्या नांवानें यात्रेकरू बिचकत, तेथेंच आज हांक मारून चहा देतात, शाळेच्या पडवींत झोंपावयास जागा करतात. झाडीहि आतां पूर्वींची उरलेली नाहीं, हें मात्र खरें.

आणि जुन्या बाहेरच्या वाटेचें काय झालें? तीहि चालूच आहे. पायांनीं थकलेले आणि वयानें वाढलेले पुष्कळ यात्रेकरू आजहि शहादें, प्रकाशें, तळोदें करीत जातात. तिच्या आसपास मात्र नवीं गांवें उठलीं आहेत. बुडित गांवांच्या लोकांसाठीं तळोद्याच्या बाजूचें सुमारें ४२०० हेक्टर रान १९९० नंतर टप्प्याटप्प्यानें मोकळें करण्यांत आलें. सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर अशा वसाहती झाल्या. नांवें पाहा. नदी सोडून आलेल्या माणसांनीं गांवाला नदीचेंच नांव दिलें, किंवा त्यांना तें दिलें गेलें. कसेंहि असो, तें टिकलें. मणिबेलीचीं कांहीं कुटुंबें आणखी दूर, गुजराथेंतील परवेट्यास गेलीं. कांहीं हललींच नाहींत; पाणी चढलें तसतसें झोंपडें वर नेत त्याच टेकाडावर राहिलीं.

असा योग जुळून आला आहे, कीं परिक्रमावासी आणि विस्थापित या दोघांनीं जी वाट सोडली ती एकच, आणि सातपुडा उतरून दोघेहि जेथें आले तो मुलूखहि एकच. यात्रेकरू रेवानगराजवळून जातांना "नर्मदे हर" म्हणतो. त्याला प्रत्युत्तर देणाऱ्या म्हाताऱ्यानें कदाचित् लहानपणीं खरोखरच्या काठावर, याच यात्रेकरूच्या आजोबाला, वाट दाखविली असेल. कदाचित् कांबळेंहि काढून घेतलें असेल. यात्रेकरूला विचारावें तर तो म्हणेल, आणखी चारसहा दिवसांनीं आई पुन्हां भेटेल. म्हाताऱ्यालाहि पाणी मिळतें; तें विहिरीचें किंवा नळाचें असतें. मासे, वाळूवरची भाजी, होळीच्या आधीं उघडा पडणारा नदीचा पात्रांतला खडक, यांची नुकसानभरपाई कोणत्या रकान्यांत लिहावयाची हें लवादाच्या निवाड्यांत नाहीं. दोन हेक्टर जमीन मिळाली तर ती मात्र लिहितां येते, मोजतां येते. आणि कित्येकांना तीहि फार उशिरां मिळाली.

नकाशावरचीं नांवें या काळांत किती बदललीं! एका खानदेशाचे १९०६ सालीं पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पश्चिमेचा पुढें धुळें जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. परिक्रमावासीयाला यांतल्या एकाचीहि दखल घ्यावी लागली नाहीं. या डोंगरांत त्याची वाट मात्र दोनदां बदलली.

डोंगर उतरून गोऱ्यास आलेला यात्रेकरू नव्या शूलपाणेश्वराचें दर्शन घेतो, घाटाच्या पायऱ्या उतरतो, आणि पुष्कळ दिवस जपून आणलेलें कुपींतलें पाणी नदींत सोडून नवें भरून घेतो. वरच्या अंगास धरणाची भिंत दिसते. तेथून पुढें काठ बहुतेक सपाट आहे. राजपीपळ्याची बाजू, मग अंकलेश्वर, मग विमलेश्वराची नाव.